रायपूरला परत आल्यावर

वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठी माजी कॅडेट म्हणून काहीतरी लिहून पाठव, असा सरांचा निरोप आला, तेव्हा मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. या पानावर माजी कॅडेट काय लिहितात हे मी सात वर्षं वाचत आलोय. कुणी डेहराडूनहून लिहितं, कुणी पहिल्या पोस्टिंगवरून. खाली नाव, नावाआधी हुद्दा. माझ्या नावाआधी अजून काही नाही. यंदा जूनमध्ये बी.एस्सी. झालो आणि डिसेंबरमध्ये एसएसबीच्या पाचव्या दिवशी परत पाठवला गेलो. ही दुसरी खेप. पहिली बारावीनंतर एनडीएची. तेव्हा तर पहिल्याच दिवशी, स्क्रीनिंगला बाहेर पडलो होतो.

सरांना मी शेवटी हेच कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं : "मग तेच लिही. आणि रायपूरबद्दल लिही, इथल्या पोरांना ते कुठे आहे ते अजूनही माहीत नाही."

रायपूरबद्दल लिही, हे वाचून मला हसू आलं. कारण त्याच विषयात माझी दांडी उडाली होती.

मुलाखत तिसऱ्या दिवशी होती. त्याच आठवड्यात, ३ डिसेंबरला, नवा रायपूरच्या मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिकेचा एकदिवसीय सामना झाला होता. कोहली आणि आपला ऋतुराज गायकवाड, दोघांनी शतकं ठोकली आणि तरी भारत हरला. अधिकारी हसतमुख होते. म्हणाले, तू रायपूरचा, म्हणजे सामना पाहायला मिळाला असता, इथे अडकलास. मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, त्या स्टेडियमला नाव कुणाचं आहे? मी सांगितलं, शहीद वीर नारायण सिंह. कोण होते? अठराशे सत्तावनचे स्वातंत्र्यसैनिक. काय केलं त्यांनी? मी म्हणालो, इंग्रजांविरुद्ध लढले. कसे? का? मी गप्प. फाशी कुठे झाली? मी गप्पच. अधिकारी काही बोलले नाहीत, पुढच्या प्रश्नाकडे वळले.

त्या एका प्रश्नामुळे मी बाहेर पडलो असं मी म्हणत नाही, आणि पुढे तिथे जाणाऱ्या मुलांनीही तसं समजू नये. मंडळ पाच दिवस माणूस पाहतं. माझ्यात आणखी काय कमी पडलं असेल ते मला थोडंफार ठाऊक आहे. गटकार्यात मी दुसऱ्याचं ऐकण्याआधी बोलत होतो. पण रात्री कॉटवर पडल्यावर आठवत राहिला तो हाच प्रश्न. बाकीच्या चुका घाईच्या होत्या. ही मात्र बरीच वर्षं साचलेली होती.

पाचव्या दिवशी निकाल लागला. ज्यांचे चेस्ट नंबर पुकारले गेले ते पुढे गेले, आम्ही उरलेले बॅगा आवरायला लागलो. भोपाळहून दुपारी अमरकंटक एक्सप्रेस पकडली. ही गाडी जबलपूर, शहडोल, पेंड्रा रोड, बिलासपूर असं रात्रभर फिरत सकाळी रायपूरला येते. मी जागाच होतो. पेंड्रा रोडला थंडी इतकी होती की खिडकीची काच धुरकट झाली होती. त्या स्टेशनाबद्दल पुढे लिहायचंय.

तारीख १० डिसेंबर. गाडी वेळेवर आली, पण मी घरी गेलो नाही. फलाटावर दोन चहा झाले, बाहेर येऊन तिसरा झाला. बाबांना निकाल फोनवर सांगितला होता. ते "बरं, ये" एवढंच म्हणाले होते आणि त्या दोन शब्दांपुढे जायचं धाडस होत नव्हतं. दहाच्या सुमारास ऑटो केली. आमचं घर तात्यापाऱ्यात, म्हणजे रस्ता जयस्तंभ चौकावरून, मग शारदा चौक. जयस्तंभ चौकात ऑटो अडकली. मला वाटलं नेहमीचीच गर्दी. ऑटोवाला म्हणाला, आज वीर नारायण सिंहांचा दिवस आहे ना, भैया. लोक फुलं वाहत होते. काही मंडळी लांबून, गावाकडून आलेली दिसत होती, डोक्याला पागोटी, हातात झेंडे.

फाशी कुठे झाली, या प्रश्नाचं उत्तर म्हणून सगळं रायपूर हा चौक दाखवतं. मी लहानपणापासून इथून हजार वेळा गेलो असेन. इथून दप्तर घेतलंय, बूट घेतलेत, शाळेची ट्रंकसुद्धा इथूनच जवळ मालवीय रोडवर घेतली होती. मी ऑटोतून उतरलो, पैसे दिले आणि बॅग खांद्याला लावून तिथेच उभा राहिलो.

जे मला मुलाखतीत सांगता आलं नाही ते आता इथे लिहितो. सोनाखान ही जंगलातली जमीनदारी, आज ती बलौदाबाजार जिल्ह्यात येते. नारायण सिंह तिथले बिंझवार जमातीचे जमीनदार. १८५६ मध्ये दुष्काळ पडला. लोक उपाशी आणि कसडोलच्या एका व्यापाऱ्याचं कोठार धान्याने भरलेलं. उधारीवरही तो द्यायला तयार होईना. नारायण सिंहांनी कोठार फोडलं, धान्य वाटलं आणि आपण काय केलं ते स्वतःच डेप्युटी कमिशनरला लिहून कळवलं. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे. लपवलं नाही, पळाले नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांना पकडून रायपूरच्या तुरुंगात टाकलं. पुढच्या ऑगस्टमध्ये, सत्तावनची बातमी इथवर आल्यावर, इथल्याच तिसऱ्या पलटणीच्या शिपायांच्या मदतीने ते निसटले आणि सोनाखानला जाऊन लढले. इंग्रजांनी गाव जाळलं, तेव्हा गावाचे हाल थांबावेत म्हणून ते स्वाधीन झाले. १० डिसेंबर १८५७ ला फाशी.

आणि कॅडेटांसाठी आणखी थोडं, कारण ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हती. त्याच तिसऱ्या पलटणीत हनुमान सिंह नावाचा शिपाई होता, दारूगोळ्याच्या कोठारावर नेमलेला. १८ जानेवारी १८५८ च्या रात्री त्याने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं आणि छावणीत उठाव झाला. उठाव काही तासांतच मोडला. सतरा शिपाई पकडले गेले. २२ जानेवारीला त्यांना सगळ्या फौजेसमोर फाशी दिली. त्यांत हिंदू होते आणि मुसलमानही. हनुमान सिंह मात्र इंग्रजांना कधीच सापडला नाही.

हे सगळं मी चौकात उभं राहून शिकलो असं नाही. तिथे फक्त एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, कुठून आलास बेटा? बॅग पाहून त्यांना मी बाहेरगावचा वाटलो. मी म्हणालो, इथलाच आहे. ते म्हणाले, अच्छा, आणि एक झेंडूचं फूल माझ्या हातात दिलं. वाचन नंतर झालं.

घरी पोचलो तेव्हा बाबा कामावर निघून गेले होते. माझ्यासाठी थांबले होते, मग उशीर झाला म्हणून गेले, असं आईने सांगितलं. त्या तीन चहांची मला फार लाज वाटली. आजी बाजेवर बसून तिवऱ्याची भाजी निवडत होती. "कुठं होतास रे? केव्हाची वाट पाहून राहिली मी," एवढंच म्हणाली आणि निवडायला अर्धी भाजी माझ्यासमोर ठेवली.

"पाहून राहिली." या बोलण्यामुळे मी शाळेत पहिलं वर्षभर रडलोय. मी अकराव्या वर्षी नाशिकला आलो. हावडा–मुंबई मेल, नाशिक रोडला उतरलो तेव्हा ट्रंक माझ्याहून जड होती. वर्गात मी "मी जेवून राहिलो" म्हटलं की सगळे हसायचे. मेसमध्ये एकदा पतालची चटणी आहे का विचारलं. आमच्याकडे टोमॅटोला पताल म्हणतात, मला वाटायचं सगळीकडेच म्हणतात. पुढचे सहा महिने माझं नाव पाताळ पडलं. पाणीपुरीला गुपचूप म्हणतात हे मी मग कुणाला सांगितलंच नाही. मी भाषा सुधारली, पुण्या-नाशिकची मुलं बोलतात तशी केली. कुणी विचारलं कुठला, तर म्हणायचो नागपूरच्या पुढे. खरं तर नागपूरपासून रायपूर जवळपास तीनशे किलोमीटर आहे, म्हणजे ते उत्तर नव्हतं, पळवाट होती.

याच सरांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ज्यांनी १९३७ मध्ये आपली शाळा सुरू केली ते डॉ. मुंजे जन्माने बिलासपूरचे. "म्हणजे तू शाळेत पाहुणा नाहीस, पाताळ. घरचा आहेस." (नाव सरांनाही कळलं होतं.) तेव्हा तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण सुट्टीत रायपूरला यायचो ते झोपायला आणि खायला. बारावीनंतर इथेच कॉलेज केलं, तेही मनाने नव्हतोच इथे. कॉलेज, क्लास, धावणं, परत. हे शहर माझ्यासाठी एक प्रतीक्षालय होतं. गाडी आली की जायचं.

यंदा गाडी आली आणि मला न घेता गेली. डिसेंबरचे उरलेले वीस दिवस हातात राहिले. सकाळी मैदान, त्याबद्दल पुढे लिहितो, आणि दिवसभर पायी भटकणं. आजीला काठी धरून फिरवायचं काम माझ्याकडे आलं. ती म्हणेल तिथे जायचं, तिच्या वेगाने. आठशे मीटरला पाऊण तास. माझ्या आयुष्यातला सगळ्यात हळू रूट मार्च.

बूढा तलाव घरापासून लांब नाही. मधल्या बेटावर विवेकानंदांचा मोठा पुतळा आहे, विमानतळालाही त्यांचंच नाव. ते का, हे विचारावंसं मला कधी वाटलं नव्हतं. १८७७ मध्ये त्यांचे वडील कामानिमित्त रायपूरला आले आणि चौदा वर्षांचा नरेंद्र घरच्यांबरोबर इथे येऊन सुमारे दोन वर्षं राहिला. रेल्वे नव्हती, शेवटचा मोठा टप्पा बैलगाडीने. त्या काळी इथे त्याच्या इयत्तेची धड शाळा नव्हती, म्हणून दोन वर्षं तो शाळेतच गेला नाही. वडिलांशी वाद घालत, वाचत, बुद्धिबळ खेळत घरी शिकला. आजीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू काय वेगळं करून राहिला?" मी बुद्धिबळ खेळत नाही, पण ते तिला सांगितलं नाही.

पण ज्या माणसाने या महिन्यात मला खरोखर धरून ठेवलं तो तात्यापाऱ्यातला, आमच्याच मोहल्ल्यातला. माधवराव सप्रे. त्यांच्या नावाची शाळा बूढापाऱ्यात आहे, शाळेचं मैदान सगळ्यांना ठाऊक, तिथे सभा होतात, प्रदर्शनं लागतात. सप्रे मैदान म्हणजे सप्रे मैदान. सप्रे कोण, हे विचारत कोण बसतो. आजीच्या सासऱ्यांनी त्यांना पाहिलं होतं म्हणे.

सप्र्यांचा जन्म १८७१ चा, दमोहकडचा. शिक्षण बिलासपूरला आणि रायपूरला. घरची भाषा मराठी. सरकारी नोकरीच्या वाटेला ते गेले नाहीत. पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक झाले आणि त्या पगारातून पैसे वाचवून १९०० च्या जानेवारीत 'छत्तीसगढ मित्र' नावाचं हिंदी मासिक काढलं. सोबत होते वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर. (आमच्या शहरातलं लाखेनगर त्या लाख्यांच्या नावाचं. सरकारने दिलेली रायसाहेब पदवी त्यांनी १९२० मध्ये परत केली.) तीन मराठी माणसं, छत्तीसगढच्या एका कोपऱ्यात बसून, हिंदी मासिक काढतात. रात्री गाडी थांबली होती ते पेंड्रा रोड हे त्याच पेंड्र्याचं स्टेशन. मी काचेवरचं धुकं पुसत होतो आणि मला काहीही माहीत नव्हतं.

मासिक तीन वर्षं चाललं. तोट्यात होतं, १९०२ संपताना बंद पडलं. म्हणजे सप्र्यांची पहिली खेप हुकली म्हणायची. ते नागपूरला गेले. टिळकांचे लेख हिंदीत पोचावेत म्हणून १९०७ मध्ये 'हिंदी केसरी' सुरू केला. १९०८ च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली.

आणि मग त्यांनी माफी लिहून दिली. घरच्यांचा फार दबाव होता. माफीनामा देऊन ते सुटले.

मी हे आजीला वाचून दाखवत होतो आणि इथे थांबलो. आपल्याला लहानपणापासून शिकवलेल्या गोष्टींत माणसं अशा जागी माफी लिहीत नाहीत. नारायण सिंहांनी लिहिली नाही. आजी म्हणाली, "थांबलास काय? पुढे वाच. पुढचंच तर सांगण्यासारखं आहे."

पुढे असं झालं की सप्रे सुटले, पण स्वतःच्या मनातून सुटले नाहीत. ते वर्ध्याजवळ हनुमानगडावर रामदासी मठात जाऊन राहिले. वर्षभर मधुकरी मागून जेवले. काल ज्याच्या लेखणीला लोक नावाजत होते तो माणूस झोळी घेऊन दारोदार उभा राहिला. दासबोधाचं अध्ययन केलं. त्यानंतर ते रायपूरला परत आले, कुठल्या दुसऱ्या शहरात नाही, जिथे सगळ्यांना सगळं माहीत होतं तिथेच. मुलींसाठी शाळा काढली. रामदासांचा दासबोध हिंदीत आणला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं गीतारहस्य हिंदी वाचकांपर्यंत पोचलं तेही याच माणसाच्या अनुवादातून. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूरलाच वारले. एप्रिल २०२६ मध्ये त्याला शंभर वर्षं.

माझं आणि त्यांचं काही साम्य आहे असं म्हणण्याइतका मी मूर्ख नाही. माझ्यावर राजद्रोहाचा खटला चालला नव्हता, मला नुसतं "पुन्हा प्रयत्न करा" म्हणून गाडीत बसवलं होतं. पण ते परत आले, या एका गोष्टीपाशी मी दोन रात्री अडकलो. मला स्टेशनपासून तात्यापाऱ्यापर्यंत यायला तीन चहा लागले होते. अंतर तीन किलोमीटरही नसेल.

बाबांशी बोलणं झालं ते त्यानंतर, गच्चीवर. थंडीत रायपूरची गच्ची म्हणजे अर्धं घर असतं. पापड, धान, पांघरुणं, माणसं, सगळं उन्हाला. कारखान्यांची काळी धूळही असते. पांढरं काही वाळत घातलं की संध्याकाळी राखाडी. (माझं शहरावर प्रेम आहे, पण ही धूळ मी लपवणार नाही. मे महिन्याचं ऊनही. आणि शारदा चौक ते तात्यापारा हा रस्ता रुंद होणार, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय.) बाबा झाडू मारत होते. मी तो हातातून घेतला. ते म्हणाले, "त्या दिवशी मी साडेनऊपर्यंत थांबलो होतो." मी म्हणालो, "मी स्टेशनवर बसलो होतो, बाबा. घरी यायची हिंमत होत नव्हती." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं गाडी लेट असेल. मी ॲपवर पाहिलं, तर ती केव्हाच आली होती." म्हणजे त्यांना माहीत होतं. तेवढ्यावर विषय संपला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून मैदानावर सोडलं, सकाळी सहाला, जिथे मी एरवी पायीच जातो.

आता मैदानाविषयी. पावसाळ्यापासून मी सकाळी सायन्स कॉलेजच्या मैदानावर धावायला जातो. तिथे अग्निवीर आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं असतात, बरीचशी गावाकडची, अभनपूर, आरंग, तिल्दा. कुणी सायकलने, कुणी पहिल्या लोकलने. अनवाणी धावणारेही आहेत. जुलैमध्ये एका मुलाने मला घड्याळ लावायला सांगितलं. सोळाशे मीटर, चारशेच्या चार फेऱ्या. पहिली फेरी तो जीव खाऊन धावला आणि तिसरीत पोट धरून बसला. मी त्याला आपल्या पीटी उस्तादांनी मला शिकवलेलं सांगितलं : पहिली फेरी दाबून ठेवायची, दुसरी आणि तिसरी सारख्या वेळात, जे काही उरलंय ते चौथीत. दुसऱ्या दिवशी चार मुलं आली. सप्टेंबरपर्यंत अठरा. मला शिट्टी घ्यावी लागली. मी काही त्यांचा प्रशिक्षक नाही, कुणी नेमलेलं नाही. पण पावणेसहाला ती रांगेत उभी असतात आणि "फॉल इन" म्हटलं की आता हसत नाहीत.

भोपाळला जाताना मी त्यांना सांगून गेलो होतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, ही आणखी एक पंचाईत. परत आल्यावर दोन दिवस मी तिकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे बाबांनी स्कूटरवरून सोडलं त्या सकाळी, धुकं होतं, मुलं स्वतःच धावत होती, शिट्टीशिवाय. अभनपूरकडचा तोच पहिला मुलगा जवळ आला. "भैया, हो गया?" मी म्हणालो, "नहीं हुआ." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला सहानुभूतीची भीती वाटत होती. तो छत्तीसगढीत म्हणाला, "काली आहू न भइया?" उद्या येणार ना? मी हो म्हणालो. त्याने घड्याळ माझ्या हातात दिलं आणि रेषेवर जाऊन उभा राहिला. सहा मिनिटांच्या आत त्याला पहिल्यांदा आलेला मी पाहिला तो त्याच सकाळी, पाच पन्नास. जुलैत सात वीस होता.

शाळेत जे शिकलो ते वाया गेलं का, असा प्रश्न त्या भोपाळच्या गाडीत मला पडला होता. रोल कॉल, बूट पॉलिश, पहाटेची पीटी, सगळं. या मुलांना मी बूट घालायला सांगू शकत नाही, कित्येकांकडे ते नाहीत. पण वॉर्म-अप न करता धावू नका, पाणी कधी प्यायचं, रडणाऱ्याला रांगेतून कधी काढायचं आणि कधी नाही, हे मला सांगता येतं. ते मी नाशिकहूनच आणलंय. आणि गंमत म्हणजे मैदानावर मी पुन्हा "धावून राहिला, थांबून राहिला" असं बोलायला लागलोय. सरांना हा लेख दुरुस्त करावा लागला असेल तर त्याचं कारण हे.

पुढच्या सीडीएसची जाहिरात मी परतलो त्याच आठवड्यात आली. अर्जाची मुदत महिनाअखेर. मी तीन-चार दिवस टाळलं. मग काल रात्री बसलो. फोटो, सही, शिक्षण, सगळं भरत गेलो. परीक्षा केंद्र कुठलं, असा रकाना आला. मागच्या वेळी मी नागपूर टाकलं होतं, उगाच, शहराबाहेर पडायला निमित्त म्हणून. या वेळी रायपूर निवडलं. आजी शेजारी बसली होती. तिला वाटलं मी तिकीट काढतोय. "येत्या शनिवारी कुठं जाऊ नको," म्हणाली. ३ जानेवारीला पौष पौर्णिमा, म्हणजे छेरछेरा. नव्या धानाचा सण. आमच्या इकडे त्या दिवशी पोरं दारोदार धान मागत फिरतात, श्रीमंताघरचीसुद्धा, आणि कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नसतं. दारात टोपली भरून ठेवायची असते आणि आजीला आता टोपली उचलत नाही.

अर्ज सबमिट केला आणि टोपली कुठे ठेवलीय ते तिला विचारलं.